एकास बाराचा उतार

४ सप्टेंबर

आजपासून रोज लिहिणार. मोठ्या कामाची नोंद राहिली पाहिजे, माणसं नंतर विचारतात.

आजच्या मीटिंगमध्ये प्राचार्यांनी मला कॉलेजचा सुगम्यता समन्वयक नेमलं. म्हणजे अपंग विद्यार्थ्याला आवारात कुठे अडायला होऊ नये, हे बघणारा माणूस. नियम बदललेत, डिसेंबरात तपासणी आहे. निवड एकमताने झाली. त्या वेळी बाकी सगळे मान खाली घालून मोबाइल बघत होते, हा निव्वळ योगायोग. प्राचार्य म्हणाले, रॅम्प म्हणजे अखेर उतार, आणि उतार भूगोलाच्या माणसाशिवाय कोणाला कळणार. खरं आहे.

संध्याकाळी हिला फोन केला. खुब्याचं ऑपरेशन झाल्यापासून ही लेकीकडे आहे. वॉकर घेऊन चालते. डॉक्टर म्हणतात, घरी जायला हरकत नाही, फक्त जिने चढायचे नाहीत. आमचं घर तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. तेव्हा तूर्त तिकडेच. माझी बातमी ऐकून म्हणाली, अपंगांची सोय? तुम्ही? आणि बराच वेळ हसली. तिकडे तिला छान करमतंय, हे हसण्यावरूनच कळलं.

६ सप्टेंबर

संकल्प. आठवड्यातून एकदा स्वतः व्हीलचेअरवर बसून आवाराची फेरी मारायची. अनुभवाशिवाय अधिकार नाही. कॉलेजची व्हीलचेअर जिमखान्यात मॅटच्या ढिगाखाली सापडली. तिच्यात कोणीतरी हॉकीच्या काठ्या रचून ठेवल्या होत्या.

८ सप्टेंबर

फेरी केली. लायब्ररीच्या उंबरठ्याशी अडकलो. पुढे जाईना, मागे येईना. मुलं जमली. शेवटी वैतागून उठलो आणि चालत आत गेलो, तर टाळ्या पडल्या. उपक्रम स्थगित. मुद्दा एकदा कळला, पुन्हा पुन्हा कळवून घेण्यात अर्थ नाही.

१९ सप्टेंबर

मुख्य दाराशी रॅम्पचं काम सुरू. ठेकेदार फार चांगला माणूस. मी काहीही सांगितलं की हो सर म्हणतो आणि मग त्याला हवं तेच करतो. पण ऐकून घेतो, हे महत्त्वाचं.

घराच्या गॅलरीतून कॉलेजचं दार दिसतं. संध्याकाळी खुर्ची टाकून देखरेख केली. कामगार केव्हाच घरी गेले होते, पण देखरेख ती देखरेख. हिची खुर्ची उचलून आत ठेवली. उगाच समोर रिकामी दिसते.

३ ऑक्टोबर

रॅम्प पूर्ण. देखणा झालाय. पहिला लाभार्थी दहा मिनिटांत हजर. एक मुलगा स्कूटरसकट चढला आणि थेट फीच्या खिडकीपाशी जाऊन थांबला. खालीही न उतरता फी भरली. सुगम्यता म्हणतात ती हीच, असं क्लार्क म्हणाला. त्याच्याशी मी कामापुरतंच बोलतो.

५ ऑक्टोबर

आपला रॅम्प एकास आठ. म्हणजे फूटभर वर चढायला आठ फूट लांबी. नव्या नियमात एकास बारा हवा, अधिक सौम्य. हे परिपत्रक उन्हाळ्यापासून माझ्याच टेबलावर पडून होतं, असं क्लार्कचं म्हणणं. टेबलावर काय, पुष्कळ काही पडलेलं असतं. ठेकेदाराला म्हटलं, फोडा. हो सर, म्हणाला. या वेळी मात्र अगदी लगेच ऐकलं.

हिला सांगितलं. म्हणाली, चढ हळू हवा, एवढं मला विचारलं असतंत तरी मी सांगितलं असतं. मी म्हणालो, तुझी केस वेगळी. त्यावर गप्प बसली. पटलं असावं.

१४ ऑक्टोबर

तळमजल्यावरचे पोस्टमास्तर दारात आले. रिटायर होऊन किती वर्षं झाली, तरी सगळी बिल्डिंग त्यांना अजून पोस्टमास्तरच म्हणते. ते मुलाकडे कायमचे निघालेत. घर भाड्याने द्यायचंय. म्हणाले, सर, आधी तुम्हाला विचारतो. वहिनींना एक पायरी चढायला नको, गेटातून आल्या की सरळ घरात. वरचं घर तुम्ही भाड्याने द्या, झालं. नोव्हेंबर अखेरपर्यंत थांबतो.

भला माणूस. विचार करून सांगतो म्हटलं. पण तपासणी तोंडावर आली असताना सामान कुठे हलवत बसू? शिवाय खालून कॉलेज दिसत नाही, कंपाउंडची भिंत दिसते. मग देखरेख कशी करायची?

हिला एवढ्यात काही बोललो नाही. लगेच पडद्यांची मापं मागेल. कपाट कुठे आणि पलंग कुठे, यावर रोज फोन. माझं लक्ष उडेल. सगळं पक्कं ठरवून एकदमच सांगू. सरप्राइज.

२० ऑक्टोबर

ब्रेल पाट्या आल्या. अंध विद्यार्थी त्यावर बोटं फिरवून वाचू शकतो. फार सुबक काम. पहिल्याच दिवशी एका टवाळाने परीक्षा विभागाच्या पाटीला च्युइंगगम चिकटवलं. ठेकेदाराला बोलावून सगळ्या पाट्यांवर काच बसवून घेतली. आता कोणाचं बोट लागायची भीती नाही.

२५ ऑक्टोबर

तळमजल्यावर खास स्वच्छतागृह तयार झालं. रुंद दार, धरायला स्टीलचे दांडे, बेसिन खाली घेतलेलं. घरच्या बाथरूममध्ये असा एक दांडा लावा, म्हणून हिने पडायच्या आधीपासून धोशा लावला होता. तेव्हा बरंच झालं लावला नाही. आता चांगला दांडा कोणता, ते मला नीट कळलंय. लावून टाकू.

कॉमर्सचे दोन प्राध्यापक आत सिगारेट ओढताना सापडले. ताबडतोब कुलूप घातलं. किल्ली माझ्याकडे, समन्वयक कक्षात, दुसऱ्या मजल्यावर. ज्याला गरज असेल त्याने वर येऊन मागावी. मी नाही म्हणणार नाही.

२९ ऑक्टोबर, रविवार

हिच्याकडे जायचं ठरलं होतं. गेलो नाही. अंधांना काठीने वाट कळावी म्हणून पिवळ्या खडबडीत फरश्या बसवायच्यात, त्यांचा नकाशा आज काढायचाच होता. दिवसभर बसलो. निघाला नाही.

दुपारी डबा आला, तो खाल्ला. मग टीव्ही लावला. बातम्या सांगणाऱ्या बाईला दोनदा उत्तर दिलं. यात काही विशेष नाही, लेक्चरं असतात, घसा मोकळा राहिलेला बरा.

संध्याकाळी हिचा फोन. म्हणाली, मी घरी कधी येऊ हो? म्हटलं, तपासणी होऊन जाऊ दे. म्हणाली, मी काय त्या रॅम्पवरून येणार आहे का? हल्ली फार विनोदी झालीय. लेकीकडची हवा मानवली.

१६ नोव्हेंबर

नवा रॅम्प झाला. एकास बारा, चोख. लांबी वाढली म्हणून वळवावा लागला, आणि वळून आता तो सायकल स्टँडमध्ये उतरतो. म्हणजे रॅम्पवर यायचं तर आधी सायकली पार कराव्या लागतात. सायकली हलवता येतात, रॅम्प हलवता येत नाही, हे ठेकेदाराने मला शांतपणे समजावलं.

पिवळ्या फरश्यांची वाट मुख्य दारातून निघते आणि सरळ खांबावर जाते. खांब आधीपासून तिथेच होता. माझा काय दोष?

२५ नोव्हेंबर

पोस्टमास्तर जिन्यात भेटले. म्हणाले, सर, काय ठरलं? दोन दिवसांत सांगतो म्हटलं. म्हणाले, वहिनींना विचारलंत का? म्हटलं, तिचं काय, ती कुठेही आनंदातच असते.

घरात आल्यावर हे वाक्य जरा वेळ डोक्यात राहिलं. का, कळलं नाही.

३० नोव्हेंबर

पोस्टमास्तरांना आज सांगायचंच होतं. पण प्राचार्यांनी तपासणीची रंगीत तालीम घेतली. स्वतः अधिकारी झाले, मी मागे फाइल घेऊन. परत आलो तर खालचा दिवा बंद. उद्या पहिलं काम हेच.

२ डिसेंबर

पोस्टमास्तरांनी घर दातांच्या डॉक्टरांना दिलं. रागावलेले नव्हते. म्हणाले, तुमची वाट पाहिली हो. म्हटलं, छान केलंत, बिल्डिंगला दवाखाना हवाच होता.

एका अर्थी बरं झालं. तपासणीच्या तोंडावर घर बदलणं म्हणजे वेडेपणाच. आणि हिला काही माहीतच नव्हतं, तेव्हा वाईट वाटायचा प्रश्न येत नाही. वर आलो. घर मोठं वाटलं. जरा आवरायला हवं.

७ डिसेंबर

तपासणी झाली.

अधिकारी बाई स्वतः व्हीलचेअरवर. हे कोणीही कळवलं नव्हतं. मी आणि प्राचार्यांनी सायकली धडाधड बाजूला केल्या, लांबून ते स्वागतासारखं दिसलं असणार. रॅम्प चढून आल्यावर बाई म्हणाल्या, उतार बरोबर आहे. मी म्हटलं, काय म्हणालात? त्यांनी परत सांगितलं. ऐकू पहिल्यांदाच आलं होतं, पण दोनदा ऐकावंसं वाटलं.

ब्रेल पाटीपाशी थांबल्या. काचेवर बोट टेकवलं. माझ्याकडे बघितलं.

मग त्यांना स्वच्छतागृहात जायचं होतं. कुलूप. मी दोन-दोन पायऱ्या चढत वर पळालो. ड्रॉवरमध्ये किल्ली नाही. कोटाच्या खिशात होती आणि कोट खाली मीटिंग रूममध्ये. किल्ली घेऊन पोचलो तेव्हा दाराशी फक्त प्राचार्य उभे. बाई शेजारच्या बँकेत गेल्या होत्या. तिथलं उघडं असतं म्हणे.

शेरा: सोयी आहेत, वापरता येत नाहीत. मार्चमध्ये फेरतपासणी. प्राचार्य म्हणाले, तुम्हाला बदलायचा विचार नाही, दुसरं कोणी तयार नाही. विश्वास टाकला म्हणायचा.

१० डिसेंबर, रविवार

शेऱ्याला सविस्तर उत्तर लिहायला कॉलेजात गेलो. रविवारी तिथे चिटपाखरू नसतं. फोन सायलेंटवर टाकला. मुद्देसूद उत्तर झालं.

संध्याकाळी परतलो तर पोस्टमास्तर खोकी बांधत होते. म्हणाले, अहो, वहिनी येऊन गेल्या.

लेकीने गाडीतून आणलं होतं. मला न कळवता. तपासणीचं ऐकून यांना बरं वाटत नसेल, भेटून येऊ, असं ही म्हणाली होती म्हणे. फोन केले, मी उचलले नाहीत. वर चढता येत नाही, तेव्हा गेटापाशीच उभी राहिली. पोस्टमास्तरांनी आत बोलावलं. कोणी हात न धरता वॉकर घेऊन सरळ आत गेली. खोक्यांमध्ये बसून चहा प्यायली. मग सगळं घर हिंडून पाहिलं. खालचं घर हुबेहूब आमच्या घरासारखं आहे. ओट्यापाशी उभी राहून म्हणाली, इथे मला सगळं जमलं असतं.

पोस्टमास्तरांना वाटलं, तिला ठाऊक आहे. म्हणाले, मी सरांना दोनदा विचारलं होतं वहिनी, पण त्यांनी काही मनावर घेतलं नाही.

त्यानंतरही ती माझी वाट बघत बसली होती. मग लेक म्हणाली, आई, चल.

११ डिसेंबर

फोन केला. रागावेल म्हणून उत्तरं तयार ठेवली होती. रागावलीच नाही. एवढंच म्हणाली, मला सांगितलं का नाही तुम्ही?

म्हटलं, तपासणी होती.

हं, म्हणाली.

मग मी म्हणालो, मला घरी करमत नाही. हे म्हणायचं ठरवलं नव्हतं. आजवर कधी म्हणालोही नव्हतो. म्हटलं, घर खायला उठतं. कोणाशी बोलायला नाही. तू ये आता. मला तू इथे हवी आहेस.

ती म्हणाली, कशी येऊ, सांगा.

फोन कानाला लावून बसलो. ती थांबली होती, श्वास ऐकू येत होता. पलीकडे लेकीने हाक मारली. ती म्हणाली, जेवायला बोलावतायत, ठेवू का?

मी बरं म्हणालो.