म्हातारी पास होणार

३ मार्च
आणि वर मिस्त्रीच म्हणतो, मी गाडीची बाजू घेतो. घेणारच. त्याने कधी घेतली? तोंड उघडलं की एकच, म्हातारी संपली, भंगारात घाला. धूर सोडते म्हणे. धूर त्याच्या बिडीचाही येतो, त्याला कुणी भंगारात घालत नाही. ह्या ट्रकने खाणीतली जेवढी खडी वाहिली तेवढी त्याने आयुष्यात पाहिली नसेल.
मालकाने आज सगळ्यांसमोर सांगितलं, सोळा तारखेला तपासणीवाले साहेब येणार. म्हातारी पास झाली तर अजून वर्षभर चालेल. नाही तर भंगार, आणि नवी गाडी. नवीला मोठं लायसन लागतं. हे माझ्याकडे बघून म्हणाला. मोठं लायसन म्हणजे लेखी परीक्षा. घाबरत नाही मी. वेळ मिळत नाही एवढंच.
ठरलं. गाडी पास करून दाखवायची. लेखीचं पुस्तकही आणायचं.

५ मार्च
धाकटीचा फोन. कॉलेजची फी वीसला भरायची आहे. दादा, नेहमीचे सहा हजार लागतीलच, कमी करू नकोस म्हणाली. म्हटलं, कधी कमी पडलेत? मग विचारते, खोली बघितलीस का, की अजून गाडीतच झोपतोस? म्हटलं, केबिन म्हणजे खोलीच, वर चाकं फुकट. हसली नाही. शिकलेल्या माणसांना विनोद कळत नाही.

८ मार्च
डिझेलच्या टाकीला चीर. अंगाचा साबण घासून बंद केली. असलं डोकं मिस्त्रीकडे नाही. (युक्ती त्याचीच. पण घासली मी.)
पुस्तक आणलं. अक्षर फार बारीक छापलंय. पान पहिलं, निम्मं झालं.

११ मार्च
इंजिन टकटक करतंय. मिस्त्रीने कान लावला. म्हणाला, बेअरिंग झिजलंय. आहे तेच ऑइल राहू दे, सकाळी सावकाश गरम कर, रेस करू नकोस, होईल कशीबशी पास.
कशीबशी. हा ह्या माणसाचा स्वभाव. मला कशीबशी नको. साहेबांनी म्हणायला हवं, कोण ड्रायव्हर आहे हिच्यावर?
पुस्तक उशाला आहे.

१५ मार्च
मिस्त्री जेवायला गेला तेवढ्यात काम उरकलं. इंजिनातलं ऑइल काढून गिअरबॉक्सचं जाड ऑइल ओतलं, मधासारखं. गाडी गरमच होती. टकटक एकदम बंद. धूर नावाला. म्हातारी नाही, नवरी. कुणाला सांगितलं नाही. उद्या मिस्त्रीचं तोंड बघण्यासारखं होणार.

१६ मार्च
हवेने घात केला. एवढी थंडी पडेल असं कुणाला वाटलं होतं?
साहेब म्हणाले, चालू करा. केली. थंडीने घट्ट झालेलं ऑइल वर चढायला जरा उसंत द्यायला हवी होती, ती साहेबांनी दिली नाही. म्हणाले, रेस द्या. दिली. आतून खणकन आवाज आला आणि सगळं थांबलं. इंजिन जाम.
मिस्त्रीने ऑइल मोजायची पट्टी बाहेर ओढली. बोटांत चोळली, वास घेतला, माझ्याकडे बघितलं. मी शिव्यांची तयारी ठेवली होती. त्याने पट्टी पुसून परत आत घातली आणि मालकाला म्हणाला, जुनी होती, जायचीच होती.
हा माणूस किती खोटं बोलतो. चांगली पास होत होती.

१७ मार्च
नवी गाडी गॉगलला. म्हणजे तो नवा पोरगा, सावलीतही गॉगल काढत नाही. लायसन आहे म्हणे. लायसनने गाडी चालते का?
मालक मला म्हणाला, तुझा हिशेब उद्या करून टाकू. पण त्याआधी म्हातारी भंगारवाल्याकडे ओढून न्यायची आहे, स्टिअरिंगवर तूच बस. एवढ्या माणसांत माझंच नाव घेतलं. ज्याच्यावर इतका भरवसा त्याला कुणी काढत नाही. उद्या बोलेलच.

१८ मार्च
बोलला नाही. घाईत होता.
दोर बांधून निघालो. इंजिन बंद असलं की ब्रेकवर अख्खं उभं राहावं लागतं. पुढे गॉगल ओढत होता आणि आरशातून बघत होता. बघू दे. शिकेल.
भंगारवाला म्हणाला, केबिनमधली तुझी गादी आणि डबा काढून घे, कटर लावायचाय. मग म्हणाला, माणूस कमी आहे, रोजावर राहतोस का? शेडमध्ये झोप, त्याचं भाडं कापून घेईन. विचार करून सांगतो म्हटलं.
दुपारी पहिला बोल्ट मीच काढला. तिचे बोल्ट कुठे अडतात ते इथे दुसऱ्या कुणाला माहीत नाही. तात्पुरतं आहे हे.

२० मार्च
मालकाने हिशेबातून उचल कापली, तपासणीचा खर्चही कापला. ते बरोबर नाही, एक दिवस जाऊन सांगणार आहे.
धाकटीने विचारलं, गाडी कशी आहे? म्हटलं, पार्ट खोलण्याचं काम चाललंय, मीच बघतोय. ह्यात खोटं काही नाही. मग म्हटलं, ह्या महिन्यात पैसे जरा दुसरीकडे अडकलेत, पुढच्या महिन्यात दुप्पट. ती म्हणाली, कोपऱ्यावरच्या दुकानात काम आहे, मी आधीच विचारून ठेवलंय, कॉलेजचं पुढच्या वर्षी बघू. आवाज साधाच होता.
समजूतदार आहे. एका वर्षाने काय होतं? मी तर सातवीत शाळा सोडली, माझं काय अडलं?
पाठवतोय: अकराशे.