मेंढक्या, नवा अल्बम आलाय

प्रिय दशरथ,

शुक्रवारी आपल्या बँडचा नवा अल्बम आला आणि ऑनलाइन ग्रुपवर सगळे तुला हाका मारायला लागले. 'मेंढका कुठंय? म्हाताऱ्यांचा वकील कुठं दडलाय?' कुणी गुवाहाटीची, कुणी पार पोर्तुगालचा. तू गेलास हे त्या सगळ्यांत फक्त मला माहीत होतं. दोन दिवस मी नुसती वाचत बसले. एवढ्या लोकांत असं एकटं कधी वाटलं नव्हतं रे! म्हणून तुलाच लिहायला घेतलं.

दुकानात आपण अहो-जाहो करायचो आणि ग्रुपवर अरे-तुरे. इथं ग्रुपवरचंच चालू ठेवते. चालेल ना?

तुला आठवतं, आपली ओळख भांडणातच झाली? पहिले चार अल्बम म्हणजेच खरं थ्रॅश मेटल, पुढचं सगळं दमलेल्या माणसांचं काम, असं मी लिहिलं होतं. त्यावर कुणी 'मेंढका' नावाचा प्राणी रोज इंग्रजीत माझ्याशी वाद घालायचा. शेवटी वैतागून मी मराठीतच लिहिलं, 'डोकं फिरलंय का?' तर उत्तर आलं, 'फिरल्यालं न्हाय, जाग्यावर हाय. भाऊ, तुमी कुठले?'

मी म्हटलं, कळंब. कुठलं कळंब? मंचरजवळचं.

'आयला! मी आण्याचा की राव, आळेफाट्याच्या फुडचं गाव!'

मी तर उडालेच. अख्ख्या जगात हे संगीत ऐकणारा दुसरा माणूस निघावा, आणि तो आमच्याच रस्त्यावरून मंचरच्या बाजारात कांद्याचा टेम्पो नेणारा!

पुढच्या बाजारच्या दिवशी तू माझ्या मेडिकलसमोर टेम्पो लावलास. काउंटरशी येऊन विचारलंस, "भाऊ हायेत का?"

"कोण भाऊ?"

"ते... गाण्याचे."

"मीच ती."

काय चेहरा झाला होता तुझा! मान खाली घालून म्हणालास, "मंग डोकेदुखीची एक गोळी द्या, ताई."

त्यानंतर दर बाजारला तू यायचास. गिऱ्हाईक नसलं की आपली जुंपायची. मी म्हणायची, ड्रमचा तो सुरुवातीचा तुफान वेग गेला, गायकाचा आवाज बसला, आता गप घरी बसावं त्यांनी. तू काउंटरवर बोटांनी ताल धरून म्हणायचास, "ताई, साठीचा माणूस विशीतल्यावानी पळाया लागला तर लोक हसत्याल. ही माणसं त्यांच्या वयाचं वाजवत्यात. लई धाडस लागतं त्याला."

मला ते कधी पटलं नाही. पण तू टेम्पो घेऊन निघालास की दुकान किती रिकामं रिकामं वाटायचं, हे तुला कधी सांगितलं का मी? नाही सांगितलं. घरी तर तुझं नावही काढलं नाही. वाईट काही नव्हतं, पण सांगायचं काय? एक परका माणूस येतो आणि आम्ही गाण्यावरून भांडतो? कुणाला खरं वाटलं असतं?

मग एका बाजारला तू आला नाहीस. पुढच्यालाही नाही. ग्रुपवर तू ऑनलाइन असल्याची हिरवी खूण दिसेना. रागावलास का? मागच्या वेळी मी जरा जास्तच बोलले होते. शेवटी फोन लावला. उचलला तुझ्या वडिलांनी.

"कोण बोलतंय?"

"कळंबच्या मेडिकलमधून."

"दशरथचं काय औषध ऱ्हायलं व्हतं का, बाई? त्यो गेला. कांदा काढताना छातीत कळ आली. आळेफाट्याला दवाखान्यात न्हेस्तवर संपलंच व्हतं."

"औषध नाही," एवढंच मी म्हणाले आणि फोन ठेवला. लगेच एक आजी खोकल्याचं औषध मागायला आल्या. ते दिलं. सुट्टे पैसे दिले. रडू कुठं आणि कुणापुढं, सांग ना!

शेवटी जेवताना आमच्या ह्यांना, विलासना, सगळं सांगितलं. त्यांचा घास हातातच राहिला. मला वाटलं, आता विचारतील, कोण हा? तर म्हणाले, "अगं, मग जायला नको का? माणूस गेलाय." आणि दुसऱ्या दिवशी त्यांनीच मोटारसायकल काढली.

तुमच्या घरापुढं वाघरीच्या जाळीत मेंढरं होती. तुझी आई आतून पाणी घेऊन आली. मी कोण, काय, हे कसं सांगू याची जुळवाजुळव करत होते, तेवढ्यात फोनवर बोललेले तुझे आबा म्हणाले, "तुमीच का त्या कळंबच्या? लई हट्टी बाई हाय, आयकतच न्हाय, म्हणून सांगायचा. बाजारावनं आला की हिच्याम्होरं तुमचीच गाऱ्हाणी."

दशरथ, तू घरी सांगितलं होतंस! सगळ्यांना! आणि मी मात्र तुला औषधाच्या कपाटामागं लपवून ठेवलं होतं.

आबांनी विचारलं, "पर भांडान कशाचं व्हतं?" मी फोनवर एक नवं गाणं लावलं, मग एक जुनं. त्यांनी दोन्ही ऐकली. मेंढरं बिथरली तेव्हा हातानं बंद करायची खूण केली.

"मंग? कोण जितलं?"

"अजून कुणीच नाही, आबा."

"आन् आता?"

मी फोन पिशवीत टाकला आणि तुझ्या आईनं आणलेलं पाणी प्यायले.

काल मी ग्रुपवर लिहिलं. मेंढका म्हणजे कोण, कुठला, कसा गेला, सगळं. मग गुवाहाटीच्या पोरीनं लिहिलं की तिला तुझ्याशी अजून भांडायचं होतं. आणि मग एकेकानं शस्त्रं टाकायला सुरुवात केली! 'मेंढक्याचंच बरोबर होतं.' 'शेवटचे अल्बम खरंच थोर आहेत.' 'आता वाद नको.' नवा अल्बम धड ऐकलेला नाही कुणी, आणि तुला फुकटात विजय देऊन मोकळे झाले! फोटोला हार घालावा तसा. तुला हे चाललं असतं? मला तर इतका संताप आला!

मी ते करणार नाही. हा नवा अल्बम मी पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकेन, एकही गाणं न सोडता, आणि जे वाटेल तेच लिहीन. चांगला असला तर चांगला, रटाळ असला तर रटाळ. पहिली दोन गाणी झालीत आणि माझं मत तुला आवडणारं नाही. पण तू गेलास म्हणून तुझ्याशी गोड बोलणार नाही, हा माझा शब्द.

तुझी भांडखोर,
सुनंदा
कळंब