शेवट बाहेर ठेवलेलं रीळ

४ मार्च

ती. ताईस शि. सा. न. वि. वि.

स्टुडिओचं कोठार रिकामं करतायत, हे मागच्या पत्रात लिहिलंच होतं. काल बाबांचं रीळ शोधायला गेलो. त्या जहाजाच्या चित्रपटातली गाणी तबकडीवर निघाली, पण बाबांचं पार्श्वसंगीत कधीच निघालं नाही, आणि चित्रपट लावावा तर त्यावर माणसं बडबडतात. नुसतं संगीत आहे ते या एकाच रिळावर. डब्यावर बाबांचंच अक्षर होतं.

तिथल्याच मशीनवर लावलं, तर एक सूर धड ओळखू येईना. सगळं आत ओढल्यासारखं, नुसतं घुंऽ घुंऽ. सडलंय गं. कोठारवाल्याला परत दिलं, त्याने टाकायच्या ढिगावर ठेवलं. दहा तारखेला दुपारी ट्रक नेणार. कालपासून चैन नाही, पण इलाज काय?

भाऊजींना नमस्कार. रागावलीस तरी माया आटू देऊ नकोस.

तुझा ठोंब्या


७ मार्च

चि. ठोंब्यास अ. आ.

अरे शहाण्या, ते सडलेलं नाही, उलटं वाजतंय. रीळ वाजवून झालं की बाबा ते पुन्हा गुंडाळत नसत, शेवट बाहेर ठेवून तसंच डब्यात घालत. आधी उलट गुंडाळायचं, मग ऐकायचं. पण तुला कुठून कळणार, तू तेव्हा पाळण्यात होतास.

मला मात्र शाळेतून थेट स्टुडिओत नेऊन बसवायचे आणि कामात साफ विसरायचे. व्हायोलिनच्या पेट्यांवर किती संध्याकाळी झोपले असेन, त्याला गणती नाही. तो राग अजून गेलेला नाही. तरीही ते रीळ मला हवंय.

तुझ्या औषधांच्या दुकानाचा फोन लागत नाही, म्हणून तातडीच्या टपालाने लिहितेय. पत्र मिळेल तसा ऊठ आणि पळ. आज दोनदा दूध उतू घालवलं. तुझे भाऊजी हसतायत, त्याचाही राग येतोय.

रीळ आणलंस तर आशीर्वाद, नाहीतर कान धरायला मी तिथे येईन.

ताई


११ मार्च

ती. ताईस शि. सा. न. वि. वि.

पत्र काल सकाळी अकराला मिळालं. एका आजोबांच्या हातात खोकल्याचं औषध कोंबलं, कुलूप लावलं आणि सुटलो. ट्रक वेळेआधीच येऊन अर्धा भरला होता. वर चढून डबे उपसले. सदरा फाटला, ड्रायव्हर हसला, पण रीळ सापडलं.

उलट गुंडाळून लावलं. ताई, सगळं शाबूत आहे. जहाज सुटतं तेव्हाचा तो हळुवार तुकडा आठवतो ना? इतकं हळू वाजवायचं बाबांना सुचलं कसं, असं लोक अजून विचारतात. त्या तुकड्याआधी बाबांचा आवाज आहे. वादकांना सांगतायत की पोरगी मागे पेटीवर झोपलीय, तिची झोप मोडणार नाही असं वाजवा. कोणीतरी म्हणतं की एवढं हळू थिएटरात ऐकू जाणार नाही. त्यावर बाबा म्हणतात की न जाऊ दे. मग ते सुरू होतं.

मी तिथेच रडलो. कोठारवाला उगीच डबे पुसत बसला.

नक्कल करायला दिलीय, परवा टपालात टाकतो. ऐकून झालं की तशीच डब्यात ठेव. मूळ रिळाचाही शेवट मी बाहेरच ठेवलाय.

आहे तो लोभ असाच राहू दे.

तुझा ठोंब्या