आपल्या मशीनची चाल

सानगडी,
८ जानेवारी २०२३, रविवार

प्रिय दादा,
सप्रेम जयभीम.

घरी सगळे बरे आहेत. आई बरी, बाबा बरे, मी बरी, आणि ओसरीवरची मांजर तर आम्हा तिघांपेक्षा बरी. तू कसा आहेस हे विचारत नाही. विचारलं की तू 'ठीक' म्हणतोस, आणि ते 'ठीक' ऐकून माझे कान किटले. ईमेल तू उघडत नाहीस, फोन उचलत नाहीस, म्हणून शेवटी कागद घेतला.

धान निघाला. बांधीत लाखोळीचं पीक मस्त हिरवंगार आहे. परवा आईनं डाळीचे वडे केले आणि तुझ्या नावाचे दोन बाजूला काढून ठेवले. "तो का इथं आहे?" म्हटलं, तर म्हणते, "तुले काय करायचं?" मग संध्याकाळी ते मीच खाल्ले. सांगून ठेवते, नंतर भांडायचं नाही.

आता कामाचं. तू चिडशील, चिड. तुझ्या कोडला मी हात लावला.

गेल्या पावसाळ्यात एम्युलेटर बनवणाऱ्यांच्या ईमेल-लिस्टवर ठरलं, की ज्या मशीनींना कोणी वाली नाही त्या पुढच्या आवृत्तीतून काढून टाकायच्या. त्यात आपली मशीन पहिली. तुझ्या नावापुढे लिहिलं होतं, 'उत्तर देत नाही'. मला असा राग आला म्हणून सांगू! त्यांचा आला आणि तुझाही आला. साकोलीहून कॉलेजात शिकवून आले होते, चपलासुद्धा काढल्या नाहीत, तशीच बसले आणि लिहून टाकलं, 'मी सांभाळते.'

आईनं विचारलं, "काय सांभाळून राहिली व?" मी म्हटलं, "बाबांनी शाळेच्या भंगारातून आणलेली ती जुनी कॉम्प्युटरची मशीन आठवते? दादानं असं लिहून ठेवलं आहे, की आजचा कोणताही कॉम्प्युटर तिचं सोंग घेतो. जुन्या खेळांना वाटतं आपण जुन्याच मशीनवर चालून राहिलो."

"म्हणजे दंडारीच्या नाटकातल्या नाच्यावानी. लुगडं नेसलं का बाई."

"हो."

"मंग लुगडं सुटलं असन, म्हणून तू बसली सावरत."

रिफॅक्टरिंग म्हणजे काय हे मी कॉलेजात दरवर्षी शिकवते, पण एवढं सोपं मला कधी जमलं नाही. नाच तोच दिसला पाहिजे, फक्त आतलं लुगडं नीट नेसवायचं.

आणि काय लुगडं होतं रे ते! सगळी मशीन एका फाइलीत. कीबोर्ड त्यातच, कॅसेट त्यातच, पडदा त्यातच. एकाच खोलीत चूल मांडावी आणि बैलही तिथंच बांधावा असा तुझा संसार. मी एकेक वेगळं काढलं. थोडं हलवायचं, मशीन सुरू होते का पाहायचं, तेवढ्या बदलाचा पॅच लिस्टवर पाठवायचा, कोणी तपासून हो म्हटलं की पुढचं. सगळं एकदम हलवलं तर मोडलं कुठे ते कळत नाही, हे मला तूच शिकवलं होतंस. तेव्हा तू किती बोलायचास, दादा. बोलता बोलता चहा थंड करायचास.

मग मी 'जरा_थांब'पाशी आले. मशीनला प्रत्येक पावलावर किंचित अडवणारं तुझं ते फंक्शन. त्याच्यावर तू लिहिलं आहेस, 'याला हात लावू नका. मी मोजलं आहे. सुगत.' पॅच तपासताना एकीनं विचारलं, हा शब्द कोणत्या भाषेतला? मी लिहिलं, आमच्या आईच्या.

मला तो विषय काढायचा नव्हता, पण तो काढल्याशिवाय हे पत्र पुढे जात नाही. त्या शिष्ट माणसानं लिस्टवर सगळ्यांसमोर तुला लिहिलं होतं, की मशीनच्या चालीचे तुझे आकडे अंदाजपंचे आहेत, तू खरी मशीन कधी पाहिलीच नसशील. तू लिहिलंस, 'मी मोजलं आहे.' तो हसला. तू पुन्हा लिहिलंस, 'मी मोजलं आहे.' मग आणखी चौघांनी आपापल्या मशीनी मोजल्या. सगळ्यांचे आकडे सारखे, तुझेच वेगळे. शेवटी तू लिहिलंस, 'कदाचित माझंच चुकलं असेल.' त्यानंतर तुझी एक ओळ नाही.

एवढ्यावरून कोणी कोसळत नाही, हे मला कळतं. ऑफिसातही तुझं काही सुरू होतं, तब्येतही असेल. पण मी तुझी बहीण आहे. तू मोजलेलं चुकत नाही, ह्याच एका गोष्टीवर तू लहानपणापासून उभा होतास, आणि तीच त्यांनी काढून घेतली.

मीही तुझे आकडे काढलेच. काय करू? बाकी जगाचे खेळ आपल्या एम्युलेटरवर रेंगाळत होते, लोक तक्रारी करत होते. लोकांचे आकडे टाकले, सगळ्या चाचण्या पास झाल्या. खूश होऊन बाबांना हाक मारली आणि तू आठवीत बनवलेला तो मासोयांचा खेळ लावून दिला. तलावात डोंगा, डोंग्यात माणूस, खालून मासोया. बाबांइतका तो खेळ जगात कोणाला येत नाही, हे तुला माहीत आहे.

एक मासोयी हाती लागली नाही त्यांना.

"काहून व भावना, ह्या येवढ्या कायले पळून राहिल्या?"

"बाबा, आता बरोबर पळतात. आधी दादाचं चुकलं होतं."

"नाई," बाबा म्हणाले. "अशा नोहत्या पळत. सुगत बसायचा बाजूले, आन मी धरायचो. अशा नोहत्याच पळत."

मी म्हटलं, बाबा, वय झालं, हात मंदावला. तर उठले, कपाटावरून खरी मशीन काढली, धूळ पुसली, टीव्हीला लावली, कॅसेट टाकली. चालू आहे अजून, दादा. आणि मासोया तुझ्याच चालीनं पोहत होत्या. बाबांनी पटापट धरल्या आणि माझ्याकडे बघून नुसतं "हूं" केलं.

मी घड्याळ घेऊन मोजलं. तुझा आकडा. पुन्हा मोजलं, तोच आकडा. मला आधी हसू आलं, मग रडू आलं. मग मी स्क्रू काढायला बसले.

झाकण उघडलं, तर मशीनचा ठेका धरणारा तो क्रिस्टल, त्यावर जिथे पाच मेगाहर्ट्झ लिहिलेलं असायला पाहिजे, तिथे लिहिलं होतं ४.४३. आणि त्याच्या पायांशी हरभऱ्याएवढे सोल्डरचे गोळे. हे काही कारखान्यातलं काम नव्हतं. मी मान वर केली, तर बाबा खिडकीबाहेर बघत होते.

"बाबा?"

"तो टीव्हीतला आहे," बाबा म्हणाले. "शाळेनं भंगारात काढली तवा मशीन बंदच होती ना. साकोलीले यादोराव टीव्ही दुरुस्त करायचा. त्यानं पाहून सांगितलं का हा तुकडा मेला. तसा भेटेना, मंग एका मेलेल्या रंगीत टीव्हीतला काढून देल्ला. म्हणे, लावून पाय, चालली तर चालली. मी डाग देल्ला, आन चालली बापा."

"आणि दादाला नाही सांगितलं?"

"तो सातवीत होता. मशीन चालू झाली म्हणून नाचून राहिला होता घरभर. मले म्हणे, बाबा, ही एकदम असलीच आहे ना? मी म्हटलं, हो, एकदम असली."

म्हणजे बघ, दादा. पडद्याचं चित्र सांभाळणारा क्रिस्टल निराळा होता आणि तो शाबूत होता, त्यामुळे चित्र हललं नाही आणि कोणाला संशय आला नाही. मशीन सावकाश चालायची. आपल्याकडे एकच मशीन, ताडून पाहायला दुसरी नाही. तू बाबांचं मनगटी घड्याळ घेऊन मान मोडेस्तोवर मोजलंस, आणि अगदी बरोबर मोजलंस. पुढे सगळ्या जगाचे खेळ कितीतरी वर्षं त्या मेलेल्या टीव्हीच्या चालीनं चालले. असं लफडं फक्त आपल्याच घरात होऊ शकतं!

मी फोटो काढून लिस्टवर टाकले, बाबांच्या त्या सोल्डरच्या गोळ्यांसकट. लिहिलं, 'सुगतनं अंदाज केला नव्हता. त्यानं आमची मशीन मोजली होती.' खूप जणांनी लिहिलं. त्या शिष्टानंसुद्धा. म्हणतो, 'मी सुगतला आधी विचारायला हवं होतं, की त्यानं कोणती मशीन मोजली. माझं चुकलं, आणि हे मला त्याला स्वतः सांगायचं आहे.' त्याची ईमेल तुझ्या पेटीत पडली आहे, न उघडलेली.

आता कोडमध्ये चाल निवडता येते. काही नाही सांगितलं तर जगाची, आणि 'सानगडी' लिहिलं तर आपली. 'जरा_थांब' मी काढलं नाही. पाटी तेवढी बदलली: 'सुगतनं मोजलं आहे. बरोबर आहे.' पॅच परवा आत गेला. सांभाळणाऱ्यांच्या यादीत माझं नाव चढलं. वर तुझं अजून आहे, पण ते ठेवायचं तर तुला स्वतः हो म्हणावं लागतं. नाही म्हटलंस तरी चालेल. मशीन आता कुठे जात नाही.

मशीनसाठी एवढं लांबलचक लिहिलं नाही मी, हे तुला कळलंच असेल.

भोजराजनं मला फोन केला होता. त्याच्यावर रागावू नकोस. तो तुझ्यासोबत एका खोलीत राहतो, त्याला दिसतं. दिवाळीपासून तू नोकरीवर जात नाहीस. दिवसदिवस खोलीबाहेर पडत नाहीस, डबा तसाच परत जातो. आणि आईला फोनवर सांगितलंस, 'काम खूप आहे, कोणी येऊ नका.' आईला मी काही सांगितलं नाही. पण ती दोन वडे बाजूला काढते, म्हणजे तिला काय कळलं आणि काय नाही ते तूच ठरव.

मला भीती वाटते, दादा. हे एकदा लिहून टाकते. फोन वाजला की आधी भोजराजचा तर नाही ना, असंच वाटतं.

बाबांना मात्र सांगावं लागलं. त्यांनी विचारलं, "मंग ह्या डागापायी पोराले लोकायनं खोटं पाडलं?" त्या दिवशी ते जेवले नाहीत. मी म्हटलं, बाबा, तुमच्या त्या डागामुळेच तर तो हे सगळं शिकला. मशीन बंद राहिली असती तर आम्ही दोघंही कुठे असतो? ऐकून घेतलं, पण पटलं नाही. दुसऱ्या दिवशी म्हणाले, "हे मले त्याले तोंडानं सांगू दे. फोनवर नाई."

म्हणून हे पत्र पोस्टानं पाठवत नाही. तुझ्या हातात ते भोजराजनं दिलं असेल, आणि भोजराजच्या हातात बाबांनी. आज भंडारा रोडला त्यांना तुझ्याकडे यायला महाराष्ट्र एक्सप्रेसमध्ये बसवून देणार आहे. थैलीत आईचे वडे आहेत, चिन्नोरचे तांदूळ आहेत, आणि काडीपेटीत कापूस घालून तो क्रिस्टल. मी मशीनला पाचाचा नवा लावून दिला. जुना बाबांनी मागून घेतला, तुला दाखवायला.

त्यांना सरळ वर तुझ्या खोलीत जा म्हटलं, तर ऐकेनात. "तो नाई म्हणला तर? त्यानं कोणी येऊ नका म्हटलं आहे." म्हणून ते खाली तुमच्या गल्लीतल्या चहाच्या टपरीवर बसतील. तू पत्र वाचून होईपर्यंत वर येणार नाहीत, असं आमचं ठरलं आहे. चहा त्यांना बिनसाखरेचा लागतो, आणि टपरीवाल्याला ते सांगायला लाजतात, हे तुला ठाऊक आहे.

वाचून झालं असेल तर खाली जा, दादा. 'ठीक' म्हणू नकोस. काहीच बोलला नाहीस तरी चालेल, फक्त त्यांना वर घेऊन ये.

तू बरोबर मोजलं होतंस, हे जिला आधीपासून माहीत असायला हवं होतं ती,
तुझी
भावना