पिवळ्या दिवसाची हिरवी केळी

लालबाग, बुऱ्हाणपूर
शनिवार दुपार

प्रिय रुपाली मास्तरीणबाई,

सासूचं पत्र आलं म्हणून आधी काय घाबरायचं ते घाबरून घे, मग वाच. सगळे धडधाकट आहेत. तुझा नवरा वेळेवर जेवतो, बुधवारा बाजारातलं कापडाचं दुकान वेळेवर उघडतो, आणि तुझी पोरगी माझ्या मांडीवर डोकं ठेवून झोपलीये म्हणून अक्षर वाकडं येतंय. एरवी तरी कुठे सरळ येतं म्हणा. सातवी पास बाईच्या अक्षराभोवती लाल पेनाने गोल काढू नको, एवढी मेहेरबानी कर. फोनवरच सांगितलं असतं, पण तुझ्या त्या अलिराजपूरकडच्या खेड्यात शाळेमागची टेकडी चढल्याशिवाय फोन लागत नाही. लागला की तू रडतेस, मी मस्करी करते आणि कामाचं राहून जातं.

काम तर तूच देऊन गेलीस. एवढी सरकारी मास्तरकीची नोकरी लागली, आणि निघायच्या आदल्या दिवशी राजीनाम्याचा अर्ज लिहून, सही करून माझ्या हातात ठेवलास. म्हणालीस, "आई, माझ्याजवळ राहिला तर पहिल्या सोमवारीच देऊन टाकीन. सायली शाळेत रमते का ते दोन आठवडे तुम्ही बघा. नाही रमली तर अक्षयला सांगा, तो रजिस्ट्रीने पाठवून देईल." मला आयुष्यात कोणी परीक्षक केलं नव्हतं. मी अर्ज घडी करून रव्याच्या डब्याखाली ठेवला. (त्या डब्यावर तू 'रवा' अशी चिठ्ठी चिकटवलीस, पण आत आता बेसन आहे. तू गेल्यापासून मी सगळ्या चिठ्ठ्या अदलाबदल केल्यात. आलीस की शोधत बस.) आज दोन आठवडे झाले. तर ऐक आता, पहिल्यापासून सांगते.

शाळेत पहिल्या दिवशी मी नुसती सोडायला गेली होती. सायलीने माझा पदर असा धरला की मी पदरासकट आत गेली. गायत्री मॅडम म्हणाल्या, "आंटीजी, सुरुवातीला घरचं एक माणूस बसलं तर चालेल." चोवीस-पंचवीस वर्षांची पोरगी आहे, इंदौरची, मराठी बोलता बोलता हिंदीत घसरते. तिने मला मागे एक लाल खुर्ची दिली. ती खुर्ची, रुपाली, साडेतीन वर्षांच्या ढुंगणाच्या मापाची. बसली तर बसली. उठायला गेली तेव्हा खुर्चीही माझ्याबरोबर उठली. बावीस पोरं रडत होती, ती सगळी एकदम गप्प झाली. मॅडम म्हणाल्या, उद्याही या.

मला वाटलं होतं शाळा म्हणजे पाटी, पाढे आणि शनिवारी पोरींनी वर्ग सारवायचा. आमच्या शाहपूरकडच्या शाळेत तेच होतं. इथे तर दर दिवसाला एक थीम. मी विचारलं, "थीम म्हणजे काय वं?" तर म्हणाल्या, "मतलब उस दिन सब कुछ उसीके बारे में." अच्छा, म्हणजे घरात लग्न असलं की भाजीही लग्नाची आणि भांडणंही लग्नाचीच, तसं. मला गंमत वाटली. रोज संध्याकाळी मी मॅडमना विचारायची, उद्याची थीम काय, आणि रात्रभर उत्सुकता. तुझे सासरे असते तर म्हणाले असते, धुरपदा, तुझंच नाव टाकून देऊ का शाळेत.

पहिल्या मंगळवारी थीम होती 'मैं कौन'. मॅडमनी एक सजवलेला डबा आणला आणि सांगितलं की यात दुनियेतली सगळ्यात खास व्यक्ती आहे, एकेकाने यायचं, बघायचं, कोणाला सांगायचं नाही. पोरं डबा उघडायची आणि दात काढून परत यायची. आत आहे तरी कोण? शेवटी मीही रांगेत उभी राहिली. उघडला तर आत आरसा, आणि त्यात एक म्हातारी. फसवलं बयेने! पण सायलीचं सांगायचं राहिलं. तिने उघडला, बघितलं, बंद केला. मग डबा उचलून त्याच्या मागे बघितलं, खाली बघितलं. मग ठेवून दिला आणि माझ्याजवळ येऊन बसली. कोणाला शोधत होती ते मी लिहीत नाही.

खोटं सांगणार नाही. पहिला अख्खा आठवडा ती शाळेत एक शब्द बोलली नाही. फाटकापासून वर्गापर्यंत रडायची, मग गप्प. घरी बडबड, तिथे कुलूप. नाव विचारलं तरी माझ्या तोंडाकडे बघायची. मॅडमनी शुक्रवारी मला बाजूला घेऊन हळूच विचारलं, "बच्ची बोलती तो है ना?" मी म्हटलं, घरी येऊन ऐका, कानात बोटं घालाल. पण त्या दिवशी घरी आल्यावर मी रव्याचा डबा उचलून खाली बघितलं. अर्ज होता तिथेच होता. खरं सांगते, मी अक्षयला हाक मारायच्या बेतात होती.

मग आला दुसरा सोमवार, 'पीला दिन'. पिवळे कपडे घालायचे आणि एक पिवळी वस्तू आणायची. मी ठरवलं, केळी! आपल्यासारख्यांनी नाही न्यायची तर कोणी न्यायची? शाहपूरला चुडामणला फोन केला. माझा भाऊ तसा आळशी, पण केळीचं नाव काढलं की उठतो. त्याने रविवारी बागेतून फणी पाठवली, चांगली चौदा केळ्यांची. मी ती सोमवारी सकाळी तशीच पिशवीत घातली आणि निघाली. बाई, केळी आणि पिवळी यात काही फरक असतो हे माझ्या डोक्यातच आलं नाही. जन्म गेला बागेत, तिथे केळी कापायची ती हिरवी, ट्रकात भरायची ती हिरवी. पिवळी होतात ती दुसऱ्यांच्या गावाला जाऊन. माझ्यासाठी केळी म्हणजे हिरवीच.

टेबलावर लिंबं आली, हळदीची पुडी आली, कोणाची पिवळी मोटार, कोणाची चण्याची डाळ. आणि त्यात आपली हिरवीगार फणी. एक पोरगी ओरडली, "ये तो हरा है!" झालं, सगळा वर्ग हसायला लागला. तशी सायली टेबलाखाली गेली. पिवळ्या फ्रॉकचा घोळ तेवढा बाहेर दिसत होता. चूक माझी, आणि हसं माझ्या नातीचं. मला असं वाटलं की त्या खुर्चीसकट पळून जावं.

पण मी पळाली नाही, कारण गायत्री मॅडमनी विचारलं, "आंटीजी, ये पीला कब होगा?" नुसतं बोलायचं म्हणून नाही, खरोखर विचारलं. तिला माहीत नव्हतं! केळी खाल्ली तिने जन्मभर, पण ती पिवळी कुठे आणि कशी होतात याचा विचारच कधी केला नव्हता. बघ, एवढी शिकलेली पोरगी. मी म्हटलं, माठ आहे का? शिपाईणबाईने जुना, तडकलेला माठ आणला. चुडामणने फणी गव्हाच्या काडातच गुंडाळली होती, ते काड कामाला आलं. आपण आंब्याची अढी घालतो ना, तसं खाली काड, मधे फणी, शेजारी एक पिकलेलं केळं मॅडमच्या डब्यातलं, वर परत काड, त्यावर गोणपाट, तोंडाला फडकं. बावीस डोकी माठावर. मी सांगितलं, आता हे झोपलं. शुक्रवारपर्यंत कोणी उघडायचं नाही. सारखं उघडून बघितलं की आतली गरमी निघून जाते, मग ती ना हिरवी राहत ना पिवळी होत. टेबलाखालून एक डोकं बाहेर आलं. सगळ्यात जास्त कान देऊन तीच ऐकत होती.

त्या दिवसापासून फाटकापाशी रडणं झालं की सायली सरळ माठाकडे जायची. उघडायची नाही. फडक्यावर हात ठेवायची, नाक लावायची, मग जागेवर बसायची. माठ म्हणजे तिची ड्यूटीच. मंगळवारी थीम 'आवाजें' होती, बुधवारी 'हमारे मददगार', पण पोरांची थीम एकच, माठ. आत काय चाललंय? केळी अंधारात घाबरतात का? रंग कोण लावतं? मी एकेकाला एकेक थाप मारायची. एकाला सांगितलं, आत बारीक रंगारी आहे. त्याने विचारलं, मग तो जेवतो काय? मी म्हटलं, केळी. पोरगं विचारात पडलं.

गुरुवारी काय झालं ते नीट ऐक. मधल्या सुट्टीत पोरं खिचडी खात होती. गायत्री मॅडमनी इकडे बघितलं, तिकडे बघितलं, आणि हळूच माठापाशी गेल्या. मी बघत होती, पण अडवलं नाही. मलाही आत बघायचंच होतं ना! त्यांनी फडक्याची गाठ सोडली आणि गोणपाटाला हात घातला. तेवढ्यात मागून आवाज आला, असा खणखणीत की खिचडीचे चमचे थांबले: "मॅडम! नका उघडू! गरमी निघून जाते, समजत नाही का?" कमरेवर हात, नाकाला खिचडी, आणि बोट मॅडमकडे. तुझी लेक. नऊ दिवसांचं मौन सोडलं ते बाईला दटावूनच. मॅडम लहान पोरीसारख्या म्हणाल्या, "सॉरी, सॉरी, नहीं खोलूँगी." सायली म्हणाली, "बांधून टाका." त्यांनी बांधलं. मग तिने सगळ्या वर्गाला गोल बसवून माठाचे नियम सांगितले. आवाज कोणाचा म्हणशील? तंतोतंत तुझा. तू अक्षयला ओला टॉवेल पलंगावर टाकल्यावर बोलतेस ना, तोच.

काल माठ उघडला. वास आधी आला, मग काड निघालं, मग ती. चौदाच्या चौदा पिवळी, देठाशी जरा हिरवट. पोरांनी टाळ्या वाजवल्या आणि माझ्या डोळ्यात काड गेलं. वाटायला सायलीच. मी मदतीला उठायला लागली, तर म्हणाली, "आजी, तू घरी जा. आमची शाळा चालू आहे." मी गेली. फाटकाबाहेर अर्धा तास उभी राहिली, कोणी बोलावलं नाही. जरा राग आला, खरं सांगते.

आज सकाळी ती फाटकापाशी रडली. रात्री तुझी निळी ओढणी उशाशी घेते, आणि रोज विचारते की आई राखीला येणार, त्याला किती झोपा राहिल्या. हेही निकालात लिही. रमली म्हणजे तुला विसरली असं मी सांगणार नाही, आणि तसं कोणी सांगितलं तर त्याचं ऐकू नको.

आता एक गोष्ट, जी मी तुझ्या सासऱ्यांनाही सांगितली नाही. अक्षय तीन वर्षांचा होता तेव्हा मला आंगणवाडीत घेतलं होतं. महिनाभराचं ट्रेनिंग खंडव्याला. तिथे मी कागदाची बाहुली करायला शिकली, गाणी शिकली, तीन दिवस. चौथ्या दिवशी पेटी उचलून परत आली. गेली तीस वर्षं सगळ्यांना सांगते की अक्षय रडून रडून आजारी पडला म्हणून आली. रुपाली, तो रडत नव्हता. मी फाटकातून आली तेव्हा तो बकरीच्या पिलामागे पळत होता. मला बघून म्हणाला, "खाऊ आणला?" आणि परत पळाला. निरोप कोणी पाठवला नव्हता, बोलावलं कोणी नव्हतं. रडत होती ती मी. त्याचं नाव पुढे केलं, झालं. माझ्या जागी गावातली कौतिकबाई लागली. मागच्या वर्षी ती रिटायर झाली, तिला शाल-नारळ देऊन निरोप दिला. सगळ्यात मोठ्याने टाळ्या मी वाजवल्या, हात लाल झाले. त्या लाल खुर्चीवर मी दोन आठवडे का बसून राहिली, ते आता कळलं असेल. नुसती नातीसाठी नाही.

म्हणून हे पत्र. तुला नोकरी सोडायची असेल तर सोड, तुझी नोकरी आहे, मी कोण सांगणारी? त्या खेड्यात करमत नसेल, भाकरी कच्ची राहत असेल, नवऱ्याची आठवण येत असेल (अवघड आहे, पण असेल), तर तसं लिही आणि खुशाल ये, मी दारात उभी असेन. पण त्या अर्जात लिहिलंस तसं 'लहान मुलीच्या देखभालीसाठी' असं लिहू नको. पोरीच्या माथी मारू नको, ती तीस वर्षांनी तुला विचारेल. नवा अर्ज तुझ्या हाताने लिहावा लागेल, कारण जुना आता चालणार नाही. घरातले कोरे कागद सायलीने रंगवून संपवले, आणि हे शेवटचं पान मला रव्याच्या डब्याखाली मिळालं. उलटून बघ, मागे तुझीच सही आहे.

तुझीच, लाल खुर्चीतून एकदाची उठलेली,
धुरपदाबाई