पाणी अजून आलेलं नाही

तात्या, तुम्ही गेलात तेव्हा मी कॉलेजात होते, त्यामुळे तुमची लेक पुढं कशावर पोट भरते हे तुम्हाला कळायचं राहूनच गेलं. मी पुण्यात एका मोठ्या कंपनीत आहे. अशा कंपन्यांना आता नफ्यातला काही वाटा लोकांसाठी खर्च करावा लागतो. कुठं शाळेची खोली, कुठं फिरता दवाखाना, कुठं पाण्याची टाकी. आणि वर्ष सरलं की काय काय केलं ते छापून सांगावं लागतं. सामाजिक दायित्वाचा अहवाल म्हणतात त्याला. तो मी लिहिते. गुळगुळीत कागदाचं जाड पुस्तक असतं, पानोपानी हसरी मुलं. तुम्हाला समजेल असं सांगायचं तर कंपनीच्या कामाची कोनशिलाच म्हणा, फक्त कागदावरची.

मिरजगावात हमरस्त्याला लागून आपलं पत्र्याचं दुकान. बाहेर लिंबाच्या खोडाला टेकवलेल्या फरश्या, आत तुम्ही मांडी घालून बसलेले, दगडाच्या भुकटीनं भुवया पांढऱ्या झालेल्या. मागच्या खोपटात आई स्वयंपाक करते आहे, आणि तुमच्या छिन्नीचा आवाज थांबला की तिकडूनच विचारते, वाढू का. लग्नसराईत भांड्यांवर नावं घालायची, एरवी पाट्या कोरायच्या; अमक्यांच्या शुभहस्ते, तमक्यांच्या स्मरणार्थ. फरशीवर पेन्सिलीनं अक्षरं आखून द्यायचं काम माझं. एकदा मी ‘हस्ते’चं ‘हस्थे’ आखलं. तुम्ही छिन्नी टेकवली, थांबलात आणि माझ्याकडं बघितलंत. "दगडाला खोडरबर न्हाई," म्हणालात, आणि ओल्या फडक्यानं सगळी ओळ पुसून फरशी पुन्हा माझ्यापुढं सरकवलीत. मला वाटलं होतं ते एकच अक्षर पुसाल. त्या वर्षी मी पहिली आले तेव्हा तुम्ही मला शाईचं पेन दिलंत, टोपणावर माझं नाव, भांड्यांवर घालता तसंच ठिपक्याठिपक्यांचं. वर्गात मुली हसल्या होत्या, की हिचं पेन आहेरात आलंय. मी ते दहावीपर्यंत वापरलं.

आणि ती समाजमंदिराची पाटी. एका पुढाऱ्याचा माणूस जीप घेऊन आला होता, मजकूर देऊन गेला की काम पूर्ण होऊन लोकार्पण झाले. दुसऱ्या दिवशी तुम्हाला त्याच बाजूला कामाला जायचं होतं, मला सायकलवर मागं बसवलंत. वाटेत ते समाजमंदिर लागलं. नुसतं जोतं उभं होतं आणि त्यावर शेळ्या बसल्या होत्या. तो माणूस पाटी न्यायला आला तेव्हा तुम्ही त्याला म्हणालात की आत्ता ‘पायाभरणी’ असं कोरून देतो, बांधून झालं की दुसरी पाटी फुकट देईन. त्यानं काही वाद घातला नाही. मजकुराचा कागद खिशात घातला आणि नगरला जाऊन दुसरीकडून पाटी करून घेतली. पुढं त्या पुढाऱ्याचं एकही काम आपल्याकडं आलं नाही. आई दोन दिवस धुसफुसत होती, एका शब्दापायी गिऱ्हाईक घालवलं म्हणून, आणि मी तिच्याच बाजूची होते. तुम्ही जेवताना एकदाच बोललात. "गावची पोरं ह्या पाट्या वाचूनच वाचाय शिकत्यात. त्यांनी काय खोटं वाचायचं व्हय?"

आता माझं सांगते. गेल्या उन्हाळ्याच्या तोंडाला अहवालाचं काम अंगावर आलं होतं. त्यात आपल्याच कर्जत तालुक्यातलं एक गाव होतं, मिरजगावच्या पुढचं. कंपनीनं तिथं पिण्याच्या पाण्याची टाकी बांधून दिलेली. काम बघणाऱ्या संस्थेनं फोटो पाठवले होते. टाकीला पांढराशुभ्र रंग, त्यावर कंपनीचं चिन्ह, खाली नळांची रांग. शेरा, काम पूर्ण. अध्यक्षांच्या मनोगतातही त्या गावाचा उल्लेख आधीच लिहून झाला होता. मी जाऊन यायचं ठरवलं ते काही संशयानं नाही. आपला मुलूख, त्या निमित्तानं दुकानाची जागाही बघून येऊ म्हटलं. दुकान आता नाही, तिथं मोबाईलवाला आहे. लिंब आहे.

गावात टाकी लांबूनच दिसली. काळ्या दगडाची चकचकीत पाटी, अक्षरं यंत्रानं कापलेली, आणि ‘पाणी’चं ‘पाणि’ केलेलं. मी नळ सोडला, नुसती हवा आली. टाकीच्या सावलीला एक म्हातारी शेंगा निवडत बसली होती. तिला विचारलं, मावशी, टाकी कशी आहे?

"लई चांगली हाय," ती म्हणाली. "दुपारची आमी समदी हितंच बसतो. पानी तेवढं आलं न्हाई अजून."

सरपंचांकडं गेले तेव्हा कळलं, विहिरीवरच्या मोटारीला विजेचं कनेक्शनच मिळालेलं नाही. अर्ज कुठंतरी अडकून पडलाय. कंपनीला कुणी कळवलं नाही, आणि कंपनीनं कुणाला विचारलं नाही.

परत आल्यावर साहेबांना सांगितलं. साहेब म्हणजे आमचे विभागप्रमुख. वाईट माणूस नाही. ते म्हणाले, आपलं काम टाकी बांधायचं होतं, ती बांधली, म्हणजे आपल्याकडून पूर्णच आहे की. अहवाल लोकांच्या हातात पडेपर्यंत पाणीही येईल. तुम्ही सहज चुकीचं ठरवावं असं काही ते बोलत नव्हते, तात्या. माझी बढती त्यांच्याच हातात होती आणि घराचे हप्ते चालू होते. मी जागेवर येऊन बसले आणि ‘काम पूर्ण’ खोडून लिहिलं: टाकी बांधून झाली आहे. पाणी अजून आलेलं नाही. साहेबांनी ते पुन्हा बदललं. मी त्यांना म्हणाले, सर, मी तिथला नळ सोडून बघितलाय, आता मला दुसरं लिहिता येणार नाही, तुम्ही दुसऱ्या कुणाकडून लिहून घ्या. शेवटी ते म्हणाले, ठीक आहे, जाऊ दे असंच वर. वरचे काय म्हणतील ते तुम्ही ऐका.

वर म्हणजे संचालकांच्या बैठकीत. मला बोलावलं. लांबलचक टेबल, आणि त्यात वयानं सगळ्यात मोठ्या एक बाई. त्यांनी चष्मा काढून विचारलं, ही दोन वाक्यं कुणी लिहिली? मी लिहिली म्हटलं. मला वाटलं आता बोलणी बसणार. त्या म्हणाल्या, "पाणी का नाही आलं?" मी मोटारीचं सांगितलं. त्या खोलीत हे कुणालाच ठाऊक नव्हतं. मग माझ्याकडं कुणी बघेना, सगळे कनेक्शनवर बोलायला लागले. अर्ज कुणाकडं आहे, कोण जाईल, कधी जाईल. अहवाल छापून आला तेव्हा टाकीचा फोटो होता तसाच होता, आणि खाली ती दोन वाक्यं.

दिवाळीच्या आधी पाणी आलं. मी मुद्दाम गेले. नळावर बायकांची ही गर्दी, भांडणं सुरू झालेली, मला कुणी ओळखलं नाही. ओंजळीनं प्यायले. जरा मचूळ आहे, पण पाणी आहे.

साहेब बरेच दिवस माझ्याशी कामापुरतंच बोलत होते. बढती त्या वर्षी दुसऱ्याला मिळाली. पण यंदा अहवालाच्या दिवसांत त्यांचा फोन आला, अकोले तालुक्यातून, राजूरच्या पलीकडच्या एका आश्रमशाळेतून. स्वतः गेले होते, मला न सांगता. मागं वारा घोंघावत होता. "मॅडम," ते म्हणाले, "इथं ‘पूर्ण’ लिहू नका. मी बघून आलोय, संडासांना दारं नाहीत." मी बरं म्हटलं आणि फोन ठेवला. तात्या, माझा ऊर त्या दिवशी जेवढा भरून आला तेवढा पहिला पगार झाला तेव्हाही आला नव्हता. आईला सांगितलं, तर ती म्हणाली, बापाचाच हेका आलाय पोरीत. ती हे हल्ली कौतुकानं म्हणते.

हे पत्र कुठल्या पेटीत टाकायचं नाही, ते ठाऊक असूनच लिहायला बसले. तुम्ही स्वतःच्या कामाबद्दल चारचौघांत कधी चकार शब्द काढला नाहीत. मला ते जमलेलं नाही. अहवालातलं ते पान मी कापून पर्समध्ये ठेवलंय आणि कुणालाही दाखवते. परवा एसटीत शेजारी बसलेल्या अनोळखी बाईंनाही दाखवलं. त्यांनी बोट ठेवून दोन्ही वाक्यं वाचली आणि विचारलं, "मग? आलं का पाणी?"

"आलं," मी म्हणाले, आणि अशा थाटात म्हणाले, की जसं काही मीच डोक्यावरून वाहून आणलं होतं.