घरंदाज कुटुंबासच
४ मार्च
लातूर जिल्हा झाल्यापासून भाऊंच्या खोल्या-दलालीच्या ऑफिसात उभं राहायला जागा नसते. बदलून आलेल्या सगळ्या कारकुनांना खोली पाहिजे, त्याहून आधी पाणी पाहिजे. आज काकूंच्या दोन खोल्यांची जाहिरात लिहिली. काकू म्हणजे वारलेल्या तलाठ्यांच्या बायको, अख्खी गल्ली काकूच म्हणते. पेपरला एक, थिएटरातल्या स्लाइडला एक. 'नव्या कचेरीजवळ. दुष्काळातही आडाला पाणी. घरंदाज कुटुंबासच.' शेवटचे शब्द भाऊंचे. म्हणाले, "जात छापता येत न्हाई. एवढं लिहिलं की ज्याला कळायचं त्याला कळतं." ऑफिसात आम्ही नुसतं घ. कु. म्हणतो. अक्षर चांगलं म्हणून हे काम माझ्याकडं. अक्षर बाबांनी घरीच पाटीवर गिरवून घेतलं होतं, शाळेच्या आधी. कशासाठी?

७ मार्च
मामाच्या वस्तीत टँकर आलाच नाही. मामी खरकटी भांडी समोर घेऊन बसून राहिल्या. नांदेडचं रेल्वे क्वार्टर आईला महिनाअखेर सोडायचंय. बाबा गेल्यावर एवढं राहू दिलं हेच खूप. इथं मामाकडं मीच जास्तीची, त्यात आई. दिवसभर लोकांना खोल्या मिळवून देते आणि

११ मार्च
एका कारकुनाला काकूंच्या खोल्या दाखवल्या. त्याला संडास लांब वाटला. तो गेल्यावर काकू म्हणाल्या, "नखरे बघ मेल्याचे. तूच का येत न्हाईस राहायला? आईला घेऊन ये. आडनाव काय गं तुझं?"
गायकवाड.
"मंग आपल्यातलीच की! आमच्या जावेचं माहेर गायकवाडांचंच हाय."
आम्ही बौद्ध. गायकवाड त्यांच्यातही असतात, आमच्यातही. एवढं एक वाक्य बोलायचं होतं. आडात बघत राहिले. पाणी लई खोल होतं, पण होतं.

१२ मार्च
भाऊंना सांगितलं. हसले. "गप बसलीस ना? मंग खोटं कुठं बोललीस? तुला कामावर घेताना मी तरी इचारलं का?"
विचारलं होतं. दोनदा.

१६ मार्च
आले काकूंकडं राहायला. ट्रंक आणि वळकटी बघून काकू म्हणतात, "राहायला आलीस का लग्नाला?" दुपारी ताक पाठवलं. चांगल्या आहेत. वाईट असत्या तर सोपं गेलं असतं.
बुद्धाची तसबीर मामाकडंच ठेवली. मामी म्हणाल्या, "ने की. भिंतीला जड होती का?" मी वळकटी आवळायला घेतली.

२० मार्च
मामाच्या वस्तीतल्या तीन-चार बाया घागरी घेऊन पाणी मागायला आल्या. काकू कुणाला नाही म्हणत नाहीत. फक्त बायांनी आडापासून लांब बसायचं, आणि इकडच्यांनी वरून घागरीत धार धरायची. पोहरा घागरीला लागता कामा नये. आज काकूंची कंबर धरली होती. पोहरा माझ्या हातात दिला. "ओत गं तू."
पहिलीच काशीबाई. मामीच्या शेजारची. लहानपणी मला कडेवर घेतलेली. तिनं मान वर केली, मला बघितलं. माझा हात खाली खाली जायला लागला. ती हळूच म्हणाली,
"वरूनच ओता, बाई."
ओतलं. सगळ्यांना ओतलं. निम्मं मातीत गेलं. काकू ओसरीवरून ओरडल्या, "अगं, सांडायलीस की समदं! दुष्काळ हाय."

२१ मार्च
तिनं मला 'बाई' म्हटलं. घरी चिमे म्हणते.
भाऊंनी तीन नव्या जाहिराती दिल्या. तिन्ही घ. कु. एकीतून ते शब्द गाळले. भाऊंनी वाचून परत घातले, चिडलेसुद्धा नाहीत. "विसरलीस," म्हणाले.

२४ मार्च
काशीबाई परत आली नाही. बाकीच्या आल्या. मामी म्हणतात ती आता पार नाल्याकडच्या हापशावर जाते, उन्हात रांगेत बसते. माझ्यामुळं? माझ्यासाठी? दोन्हींतलं कुठलं जास्त वाईट, कळत नाही.

२६ मार्च
मामा नांदेडला जाऊन आला. क्वार्टर रिकामं झालं, किल्ली दिली. आई आजची रात्र शेजाऱ्यांकडं काढून उद्याच्या एसटीनं येते. मामाजवळ निरोप दिलाय, तसबीर आधी लावून ठेव, मग मी पाय ठेवते. आईला गप राहा म्हणून सांगता येणार नाही. सांगायचंही नाही. ती दारात जयभीम म्हणणार, नेहमीसारखी, मोठ्यानं.
काकूंना आजच सांगायचं, आई यायच्या आत. माझ्यासमोर तिला कुणी बाहेर काढलेलं मला बघवणार नाही. सांगितल्यावर कुठं जायचं, हे ठरलेलं नाही. ऑफिसच्या यादीतली एकही खोली आठवत नाही जिथं
काकू ओसरीवर आईसाठी बाज आवळतायत. इथून दिसतायत. म्हणतात, उन्हाची येईल बिचारी, आधी इथं पडू दे तिला.
"सुमन, ये गं इकडं. दोरीचं टोक धर."
जाते.